संदेशाचे अंतर आणि संदेशाचे मोल

बेळगावच्या टिळकवाडीत राहणारे एखादे निवृत्त मास्तर क्षणभर डोळ्यांपुढे आणा. मुलगी पुण्यास, धाकटा भाऊ मडगावास, भाची इंदुरास. मुलीने त्यांना एक टॅबलेट पाठविला आहे. टॅबलेट म्हणजे आपली जुनी पाटीच, फक्त काचेची आणि स्वयंप्रकाशी. तीवर वर्तमानपत्र वाचावे, नातवाचे मुख पाहावे, जुनी नाट्यगीते ऐकावीत, असा मास्तरांचा बेत आहे. आता प्रश्न एवढाच उरतो की, या पाटीत सिमकार्ड कोणत्या कंपनीचे घालावे? शेजारी म्हणतो, 'अमकीचा वेग मोठा.' दुकानदार म्हणतो, 'तमकीचा प्लॅन स्वस्त.' आणि चोर्ला घाटाने गोव्याला जाये करणारा भाऊ म्हणतो, 'रेंज कुणाची आहे ते आधी पाहा.' तिघेही खरे बोलत आहेत. पण तिघे तीन निरनिराळ्या गोष्टी मोजीत आहेत.

हा प्रश्न आजचा वाटतो. वास्तविक तो आपल्या देशात सुमारे १७० वर्षांचा आहे. संदेश कोठवर पोहोचतो, किती त्वरेने पोहोचतो आणि त्याला किती पैसे पडतात, हा तिपेडी हिशेब तारायंत्र आले त्या दिवसापासून हिंदुस्थानातला माणूस करीत आला आहे. बदलले ते मोजण्याचे माप. आणि माप ज्याच्या हाती, त्याच्या हाती तुलनाही असते, हेच आजच्या भाषणात मला इतिहासाच्या आधाराने सांगावयाचे आहे.

१८५४ हे साल या कथेत फार महत्त्वाचे आहे. त्या एका सालात दोन निरनिराळी तत्त्वे या देशात रुजली. त्या सालच्या ऑक्टोबरपासून टपालाचा नवा कायदा अमलात आला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, मग ते पत्र शेजारच्या गावी जावो की देशाच्या दुसऱ्या टोकास. अंतराचे मोल टपालाने रद्द केले. त्याच सुमारास विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली कलकत्त्याहून आग्र्यास आणि आग्र्याहून ग्वाल्हेर, इंदूर या मार्गाने मुंबईस तार ओढली जात होती. १८५५ च्या आरंभी ती जनतेस खुली झाली. तिचा दर मात्र अंतराच्या तत्त्वावर बसविला होता: दर ४०० मैलांस, सोळा शब्दांपर्यंत, एक रुपया. या हिशेबाने मुंबईहून इंदूरला एका रुपयात बोलता येई; ग्वाल्हेर ४०० मैलांच्या पलीकडे पडल्यामुळे तेथवर बोलावयास दोन रुपये. एकाच सरकारने एकाच काळात पत्राला एक न्याय लावला आणि तारेला दुसरा. या दोन न्यायांचा झगडा पुढे दीडशेहून अधिक वर्षे चालला, आणि तो आपल्या खिशातून चालला.

त्या दरातली बारीक अक्षरेही पाहण्याजोगी आहेत. सोळा शब्दांत पत्त्याचे शब्दही धरले जात. म्हणजे नाव, पेठ, गाव लिहून झाले की प्रत्यक्ष मजकुरास उरत ते आठ-दहा शब्द. सायंकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत दर दुप्पट. व्यापारी तेव्हापासूनच शहाणे झाले. एका सांकेतिक शब्दात अख्खे वाक्य कोंबण्याची विद्या त्यांनी सिद्ध केली. आपल्या घरांत तारेची भाषा म्हणून जी तुटक, क्रियापदहीन भाषा रूढ झाली, ती काही साहित्यिक आवडीतून आलेली नव्हती. ती दरपत्रकातून जन्मली होती.

आणि पोहोच? १८६०-६१ साली देशात सुमारे अकरा हजार मैल तार होती. तारघरे मात्र दीडशेच्या आत होती. रानातून, शेतांवरून तार जाई, खांबाखाली गुराखी उभा राहून तिचा गुणगुणाट ऐके. पण त्याच्या गावातून संदेश पाठविण्याची सोय नसे. डोक्यावरून जाणे आणि हाती येणे, यांत फरक असतो. नकाशावर रंगविलेला प्रदेश आणि आपल्या घरातली खोली, यांतला आजचा फरक त्याच जातीचा आहे.

पुढे दूरध्वनी आला. २८ जानेवारी १८८२ या दिवशी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनीची केंद्रे उघडली. कलकत्त्याच्या केंद्रात आरंभी अवघे ९३ ग्राहक होते. शहराबाहेर बोलावयाचे तर ट्रंक कॉल. त्याचे माप तीन मिनिटांचे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार. अर्जंटला दुप्पट दाम, लाइटनिंगला त्याहून कित्येक पट. वेगाची विक्री हा काही आजचा शोध नव्हे! तीन मिनिटे भरत आली की ऑपरेटर मध्ये आवाज देई, आणि दुसऱ्या टोकाची माउली नेमके महत्त्वाचे तेच सांगावयाचे विसरून जाई.

२६ नोव्हेंबर १९६० रोजी लखनौ आणि कानपूर यांच्यात थेट डायल करण्याची सोय झाली, तीच आपली एसटीडी. ऑपरेटर गेला, त्याच्या जागी मीटर आला. गाव जितके दूर, तितकी मीटरची टिकटिक जलद, अशी त्याची रचना होती. अंतराचे मोल कायम राहिले, फक्त ते दिसेनासे झाले. १९८०-९० च्या दशकांत पिवळ्या पाट्यांची एसटीडीची दुकाने गावोगाव झाली. रात्री दर उतरत, अकराच्या सुमारास ते सर्वांत खाली येत. मग बडोद्याच्या, हैदराबादच्या आपल्या वस्त्यांतली माणसे जेवण उरकून त्या दुकानांपुढे रांगा लावीत. गंमत पाहा: तारेच्या काळी रात्र महाग होती, कारण जागणारा कारकून महाग होता. एसटीडीच्या काळी रात्र स्वस्त झाली, कारण यंत्राला झोप नव्हती आणि रात्री ते रिकामे पडत होते. दर हा वस्तूच्या किमतीचा आरसा असतोच असे नाही. तो विकणाऱ्याच्या सोयीचाही आरसा असतो.

यानंतर मोबाइलचे युग. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर खाजगी कंपन्यांना परवाने देताना देशाची विभागणी 'सर्कल' नावाच्या मंडलांत करण्यात आली. ही मंडले आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी माणसांच्या नित्य जीवनात कशी शिरली, ते पाहा. मुंबईचे मंडल वेगळे. महाराष्ट्राच्या मंडलात गोवा घातलेला. बेळगाव कर्नाटकात, बडोदे गुजरातेत, हैदराबाद आंध्रात, इंदूर-ग्वाल्हेर मध्य प्रदेशात. परिणाम असा की, पणजीहून नागपूरला गेलेला माणूस आपल्याच मंडलात असे. पण बेळगावहून काही तासांत पणजीला उतरलेला माणूस परमंडलात गेला म्हणून त्याला रोमिंगचे पैसे पडत. चंदगड तालुका महाराष्ट्राच्या मंडलात आणि बेळगाव तालुका कर्नाटकाच्या. विद्युत्-चुंबकीय लहरींना मात्र सीमावाद ठाऊक नसतो. सीमेवरच्या गावात बसलेल्या माणसाचा फोन जवळचा म्हणून पलीकडचा मनोरा पकडी, आणि घरातल्या घरात तो माणूस हिशेबापुरता परमुलुखी ठरे.

भारतातला पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू हे दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हाचा दर मिनिटास सोळा रुपयांच्या आसपास जाई, आणि आलेल्या कॉलचेही पैसे ऐकणाऱ्याला पडत. १९९७ साली 'ट्राय' हे नियामक प्राधिकरण स्थापन झाले. मे २००३ पासून येणारा कॉल निःशुल्क झाला. २००९ साली टाटा डोकोमोने सेकंदाला एक पैसा हा दर आणला आणि मिनिटाचे माप मोडले. तोवर अकरा सेकंद बोलणारा साठ सेकंदांचे पैसे भरीत असे. म्हणजे दर न बदलता नुसते माप बदलले तरी ग्राहकाचे केवढे हित होते, याचा हा उत्तम दाखला होय.

परंतु टॅबलेटला बोलण्याचे मिनिट नको असते. त्याला हवी असते माहिती, म्हणजे डेटा. येथे कथेला निराळे वळण लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले तेव्हा साध्या जोडणीचा वेग सेकंदास ९.६ किलोबिट होता. २००४ साली शासनाच्या धोरणाने ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ किलोबिट अशी व्याख्या केली. २०१३ मध्ये ती ५१२ झाली. २०२३ मध्ये २ मेगाबिट. 'ब्रॉडबँड' हा शब्द तोच राहिला, त्याचा अर्थ मात्र आठ पटींनी वाढला. जाहिरातीतल्या शब्दास सालाचा शिक्का लावून मगच तो वाचावा, असे म्हणतात ते यासाठीच.

३ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेत ॲपलचा आयपॅड विक्रीस आला, आणि त्याच महिन्याच्या ९ तारखेस भारतात थ्रीजी लहरींचा लिलाव सुरू झाला. पाटी तिकडे तयार होत होती आणि तिच्यासाठी रस्ता इकडे विकला जात होता. अमेरिकेत एप्रिलअखेर सिमकार्डाचा आयपॅड आला, तेव्हा तेथील एटी अँड टी कंपनीने दोन प्लॅन ठेवले होते: १४.९९ डॉलरांत २५० मेगाबाइट आणि २९.९९ डॉलरांत अमर्याद. ७ जूनपासून नव्या ग्राहकांसाठी 'अमर्याद' हा शब्द नाहीसा झाला आणि २५ डॉलरांत २ गिगाबाइट असा नवा प्लॅन आला. जुन्यांना आपला प्लॅन राखता आला. टॅबलेटवरचा पहिला अमर्याद प्लॅन नव्या ग्राहकांपुरता असा सव्वा महिन्यात मर्यादित झाला.

आपल्याकडचा लिलाव ३४ दिवस चालला. थ्रीजीपोटी सरकारला ६७,७१९ कोटी रुपये मिळाले, आणि पाठोपाठ झालेल्या ब्रॉडबँड लहरींच्या लिलावात ३८,५४३ कोटी. एकाही खाजगी कंपनीस थ्रीजीसाठी देशातली सर्व २२ मंडले मिळाली नाहीत. एअरटेलला कर्नाटक, आंध्र आणि मुंबई मिळाली; पण महाराष्ट्र-गोवा, गुजरात व मध्य प्रदेश मिळाले नाहीत. आयडियाला महाराष्ट्र, गुजरात, आंध्र आणि मध्य प्रदेश मिळाले, कर्नाटक हुकले. व्होडाफोनला मुंबई, महाराष्ट्र आणि गुजरात मिळाले. कर्नाटक, आंध्र नाहीत. म्हणजे आपल्या मास्तरांनी त्या वेळी 'सर्वांत चांगली कंपनी कोणती?' असे विचारले असते, तर बेळगावचे उत्तर मडगावास चालले नसते आणि मडगावचे बेळगावास. या तिन्ही कंपन्यांनी एकमेकींच्या मनोऱ्यांवरून थ्रीजी देण्याचे करार केले. डिसेंबर २०११ मध्ये सरकारने ते थांबविण्याचा आदेश दिला. एप्रिल २०१४ मध्ये दूरसंचार न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. या मधल्या काळात सामान्य ग्राहकाने तुलना कशाच्या आधारावर करावयाची होती?

अंतराचे मोल अखेर मोडले ते या दशकात. १५ जून २०१५ पासून भारत संचार निगमाने रोमिंगमध्ये येणारे कॉल निःशुल्क केले. ३ जुलै २०१५ पासून देशात कोठेही गेले तरी नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. मार्च २०१७ अखेरपर्यंत ती जवळजवळ फुकटच होती. त्याआधी एका गिगाबाइटला महिन्याकाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. पुढे तेवढीच माहिती लोक एका दिवसात वापरू लागले. १ एप्रिल २०१७ पासून एअरटेलने देशांतर्गत रोमिंगचे शुल्क काढून टाकले. १८५४ साली पत्राला लागू झालेला न्याय आवाजाला आणि माहितीला लागू व्हावयास अशी १६३ वर्षे लागली. तोवर तार हयातही नव्हती. १४ जुलै २०१३ च्या रात्री तारसेवा कायमची बंद झाली होती.

मात्र स्वस्ताईची दुसरी बाजूही होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाइल सेवा २०१७ च्या अखेरीस, एअरसेलची २०१८ मध्ये बंद पडली. व्होडाफोन आणि आयडिया २०१८ च्या ऑगस्टमध्ये एक झाल्या. टाटांचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये गेला. दुकाने कमी झाली, आणि डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर व जुलै २०२४ असे तीनदा दर चढले. ज्या बाजारात विक्रेते थोडे, तेथे ग्राहकाने अधिक सावध असावे, हे आपल्या आज्यांना भाजीच्या बाजारातही ठाऊक होते.

आता माप पुन्हा तपासू या. आजचे पुष्कळसे प्लॅन 'दिवसाला इतके जीबी, २८ दिवस' अशा मापाने विकले जातात. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बारा नव्हे, तेरा महिने होतात. याच तक्रारींवरून ट्रायने २०२२ साली प्रत्येक कंपनीने निदान एक ३० दिवसांचा आणि एक दरमहा त्याच तारखेस नूतन होणारा प्लॅन ठेवावा असे ठरविले. दिवसाचे माप म्हणजे आज न वापरलेले उद्या मिळत नाही. बहुधा ते रात्री बाराला लयास जाते. कोटा संपल्यावर 'अमर्याद' सेवा चालू राहते खरी, पण अनेक प्लॅनमध्ये ती ६४ किलोबिटच्या वेगाने. एक गिगाबाइट माहिती २ मेगाबिटच्या वेगाने सुमारे ६७ मिनिटांत येते. ६४ किलोबिटच्या वेगाने तिला सुमारे ३५ तास लागतात. तारेच्या सोळा शब्दांतून पत्ता वजा केल्यावर जे उरत असे, तसाच हा अमर्यादातला शिल्लक भाग समजावा.

वेगाचेही तसेच. ५ जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली, आणि जाहिरातीतले आकडे मोठे झाले. पण लहरींचा एक साधा धर्म आहे: कंपनसंख्या कमी, तर पोहोच दूरवर आणि भिंतीतून आत, कंपनसंख्या अधिक, तर क्षमता मोठी, पण पोहोच आखूड. म्हणून ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी जुन्या दगडी घरात जितक्या शिरतात, तितक्या २३०० किंवा ३३०० च्या शिरत नाहीत. चौकात मिळालेला वेग माजघरात मिळेलच असे नाही. शिवाय कंपन्या पोहोच सांगताना बहुधा लोकसंख्येचा हिस्सा सांगतात, भूमीचा नव्हे. माणसे गावठाणात दाटलेली असतात. रस्ता, रान आणि घाट मोकळे राहतात. मास्तरांचा भाऊ घाटातून येतो, लोकसंख्येतून नव्हे.

ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळांवर प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. वेग मोजण्यासाठी ट्रायचे 'मायस्पीड' हे साधन २०१६ पासून उपलब्ध आहे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी केवळ आवाज व एसएमएसचे प्लॅन ठेवण्यास सांगितले. आपल्या मास्तरांची गरज नेमकी उलटी: त्यांना केवळ डेटा हवा आहे. तेव्हा त्यांनी आधी हे पाहावे की फोनवरच्या कार्डाचा डेटा हॉटस्पॉटने पाटीला पुरतो काय. पुरत असेल तर दुसरे कार्ड कशाला? पुरत नसेल तर मित्रांकडून निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे घटकाभर मागून घ्यावीत आणि जेथे बसून वाचावयाचे त्याच खुर्चीवर, सकाळी आणि रात्री नऊला, वेग मोजावा. मग दर पाहावा, आणि तोही वर्षाचा. आधी पोहोच, मग वेग, शेवटी दर, हा क्रम सोडू नये. कारण जेथे सेवा पोहोचत नाही, तेथे तिची स्वस्ताई निरर्थक असते.

आणि श्रोतेहो, हेच वाक्य मास्तरांच्या खुर्चीपलीकडे नेऊन पाहा. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि शिक्षण पडद्यावर आले, तेव्हा सिंधुदुर्गातली, गोव्यातल्या डोंगराळ तालुक्यांतली मुले नेटवर्कसाठी टेकडीवर जाऊन बसत, अशी वृत्ते वर्तमानपत्रांत येत होती. त्या मुलांपुढे कोणत्या कंपनीचा प्लॅन बरा हा प्रश्नच नव्हता. तुलना करावयास निदान दोन गोष्टी लागतात; त्यांच्याजवळ एकही नव्हती. तार डोक्यावरून जात होती आणि तारघर नव्हते, त्या गुराख्याच्या जागी ही मुले उभी होती, दीडशेहून अधिक वर्षांनंतर.

दुर्गम भागात सेवा नेण्यासाठी कंपन्यांच्या उत्पन्नातून निधी उभारण्याची पद्धत २००२ पासून चालू आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत ४ जी नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. असा खर्च बाजार आपण होऊन करीत नाही. तो समाजाला करावा लागतो. अर्ध्या आण्याच्या टपालातही हेच तत्त्व होते: जवळच्या पत्राने दूरच्या पत्राचा भार थोडा उचलावा. मास्तरांनी आपले कार्ड नीट पारखून जरूर घ्यावे. पण कोणत्या कंपनीची रेंज आहे हे विचारताना, कोणत्या गावाला ती अद्याप नाही, हेही आपण विचारीत राहिले पाहिजे. कारण नातवाचे मुख पाहण्याची ओढ टिळकवाडीत जितकी असते, तितकीच ती घाटमाथ्यावरच्या शेवटच्या घरातही असते.